गारवा शोधत ठाण्याहून कल्याणला

ठाण्याहून कल्याणला जाण्यात प्रवास तो कसला, असे कोणीही विचारील. आपल्या देशातली पहिली प्रवासी आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला आली आणि पुढच्याच वर्षी, १ मे १८५४ ला, लोहमार्गाने कल्याण गाठले. तेव्हापासून आजतागायत माणसे हा प्रवास करीत आली आहेत. त्यांतली बरीचशी उभ्याने आणि काही तर एका पायावर. रेल्वेच्या हिशेबाने अंतर जेमतेम वीस किलोमीटर. चहा पिऊन निघालेला माणूस चहाची चव तोंडात आहे तोवर कल्याणच्या फलाटावर उतरतो. मला मात्र गेल्या वर्षी या वीस किलोमीटरांना तीन आठवडे लागले.

याला कारण आमची मोटार.

आमच्याकडे १९७९ सालची प्रीमियर पद्मिनी आहे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर कंपनी काढली, कुर्ल्याला कारखाना घातला, आणि तिथून पुढे इटलीच्या फियाटची अकराशे नंबरची गाडी आपल्याकडे तयार होऊ लागली. त्यांतल्या एका गोल-गरगरीत गाडीला मुंबईकर लाडाने ‘डुक्कर फियाट’ म्हणत. १९६४ मध्ये चौकोनी अंगाची ‘डिलाइट’ आली, १९७२ मध्ये तिचीच ‘प्रेसिडेंट’ झाली आणि १९७४ मध्ये तिला चितोडच्या राणीचे नाव मिळाले. राणीचे नाव कागदावर राहिले. लोक तिला शेवटपर्यंत फियाटच म्हणत राहिले. १०८९ सी.सी.चे इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्याला चिकटलेला गिअर, आणि पुढच्या दारांना त्या त्रिकोणी काचा. ती घ्यायची तर आधी नाव नोंदवायचे आणि मग वर्षानुवर्षे वाट पाहायची. आमच्या बाबांनी नाव नोंदवले तेव्हा मी शाळेत जात नव्हतो. गाडी आली तेव्हा मी तिसरीत होतो.

कारखान्यातून आली तेव्हा गाडीत गारव्याची काही सोय नव्हती. पण आईला उन्हाचे वावडे. एप्रिल-मे महिन्यांत तिचे डोके असे दुखे की, खोली अंधारी करून पडून राहावे लागे. तिचे माहेर कल्याणचे, पारनाक्यावरच्या वाड्यातले. आणि माहेरी जायचे ते नेमके उन्हाळ्याच्या सुटीत. दर वर्षी ती कल्याणला पोचे ती डोक्याला पट्टी बांधूनच. शेवटी १९८७ च्या उन्हाळ्यात बाबांनी मुंबईतल्या एका गॅरेजात गाडी नेली आणि आठ दिवसांनी परत आणली, तेव्हा डॅशबोर्डाखाली एक काळी पेटी लटकत होती. तिला तीन गोल जाळ्या नि दोन बटणे. एक बटण फिरवले की, इंजिन क्षणभर दचके आणि मग पेटीतून गार वारा येई. आमच्या काकांनी त्या पेटीची किंमत ऐकली आणि म्हणाले, “या पैशात गच्चीवर एक खोली झाली असती.” बाबा म्हणाले, “खोली कल्याणला नेता येत नाही.”

आम्ही मुले तिला ‘गारपेटी’ म्हणू लागलो. आईने त्या वर्षी पहिल्यांदा पट्टी न बांधता माहेरच्या उंबऱ्यावर पाऊल टाकले. खांद्यावर मात्र शाल होती. बाबांच्या उत्साहाच्या मानाने गारवा जरा जास्तच झाला होता!

बाबांना जाऊन आता सात वर्षे झाली. मी दर रविवारी गाडी काढतो, मासुंदा तलावाला एक फेरी मारतो, कौपिनेश्वराला गाडीतूनच नमस्कार करतो आणि परत आणून झाकून ठेवतो. गारपेटीला हात लावायचे कारण नव्हते. आई गाडीत बसतच नव्हती. खरे सांगायचे तर ती घराबाहेरच पडत नव्हती.

आणि मग गेल्या वर्षी नवरात्र संपता संपता कल्याणहून मामांचा फोन आला. पारनाक्यावरचा वाडा पाडायचा ठरला होता. दिवाळी झाली की कामाला हात लागणार. मामांचे वय नव्वद, आईचे चौऱ्याऐंशी. “यंदाची भाऊबीज वाड्यातच करू, ये,” एवढेच मामा म्हणाले.

आईने फोन खाली ठेवला आणि मला म्हणाली, “ह्यांच्या गाडीतून नेशील तर जाईन.”

“अगं, भाड्याची चांगली गार गाडी बोलावतो ना!”

“माहेरी भाड्याच्या गाडीतून गेले नाही कधी. शेवटच्या वेळी जाऊ होय?”

डॉक्टरांना विचारले तर ते म्हणाले, “न्या, पण उन्हातून नका नेऊ.” आता आश्विनातले आमच्या ठाण्याचे ऊन म्हणजे काय, हे ठाणेकराला सांगायला नको. पाऊस गेलेला असतो, थंडी आलेली नसते, आणि खाडीवरून येते ती वाफच. मी खाली गेलो, गाडी सुरू केली आणि सात वर्षांनी गारपेटीचे बटण फिरवले. इंजिन दचकले नाही. पेटीतून धूळ आली, मागोमाग इंजिनाइतकाच गरम वारा आला, आणि एक झुरळ आले.

* * *

गॅस संपला असेल, भरून घेऊ. त्यात काय मोठेसे, असे मला वाटले. ठाण्यासारखे गाव! पोखरण रस्त्यावर व्होल्टासच्या कारखान्यात वर्षानुवर्षे एअर-कंडिशनर तयार होत. १९५४ साली टाटा आणि स्वित्झर्लंडचे फोल्कार्ट बंधू यांनी मिळून काढलेली ही कंपनी. तिच्या भोंग्यावर आमच्या भागातली घड्याळे लावली जात, असे बाबा सांगत. ज्या गावाने देशभरच्या कचेऱ्यांना गारवा पुरवला, त्या गावात एका फियाटपुरता गारवा मिळू नये?

पहिले गॅरेज घोडबंदर रस्त्यावरचे. फरशी अशी चकचकीत की, चपला बाहेर काढाव्यात की काय असे वाटावे. काउंटरवरच्या मुलाने विचारले, “कुठलं मॉडेल?”

“पद्मिनी.”

त्याने पडद्यावर बराच वेळ शोधले. “नवीन आलंय का, सर?”

त्याला दोष देत नाही. पद्मिनीचे उत्पादन थांबून पंचवीस वर्षे होत आली. मुंबईतली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सीसुद्धा ऑक्टोबर २०२३ मध्ये वीस वर्षांची वयोमर्यादा भरून रस्त्यावरून उतरली. मुलगा बिचारा भला होता. त्याने गॅस भरण्याचे यंत्र गाडीजवळ आणले, नळी हातात घेतली आणि थांबला. नळीचे तोंड माझ्या गाडीच्या तोंडाला बसेना. जुन्या व्यवस्थेत पेच फिरवून बसवायची तोंडे असतात. नव्या गाड्यांत खटकन बसणारी. आणि ती मुद्दामच वेगळी ठेवलेली असतात, चुकूनसुद्धा एका जातीचा गॅस दुसऱ्यात जाऊ नये म्हणून. हे मला पुढे कळले. त्या वेळी एवढेच कळले की, आमची पाळी तिथे लागणार नाही.

दुसरे गॅरेज वागळे इस्टेटमधल्या एका गल्लीतले. तिथला कारागीर फार आत्मविश्वासाचा. “साहेब, अर्ध्या तासात बर्फ करून देतो,” म्हणाला.

“कुठला गॅस घालणार?”

“तुम्हांला थंडीशी मतलब ना? आपल्या स्वयंपाकाच्या गॅसचाच भाऊ आहे. फार थंड करतो. स्वस्त पण आहे.”

मी घरी फोन केला. सौ. म्हणाली, “एक सिलिंडर घरात आहे तेवढा पुरे. दुसरा सासूबाईंच्या पायांशी नको.”

तिने एका वाक्यात सांगितले ते अगदी शास्त्रशुद्ध होते. मोटारीत गारवा तयार करणारी जाळी प्रवाशांच्या पुढ्यात, बंद काचांच्या आत असते. तिथे गळती झाली तर गॅस बसलेल्या माणसांभोवतीच साठणार, आणि पलीकडे तापलेले इंजिन. या कामासाठी न पेटणारा गॅस असावा म्हणून तर माणसाने एवढी खटपट केली. पूर्वी शीतयंत्रांत अमोनिया, सल्फर डायॉक्साइड असले जहाल वायू वापरीत. १९२८ च्या सुमारास अमेरिकेत थॉमस मिज्ली आणि त्याच्या सहकाऱ्यांनी असा वायू शोधला की, जो पेटत नाही, विषारी नाही, आणि शून्याखाली तीस अंशांना उकळतो. तोच पुढे ‘फ्रेऑन’ या नावाने जगभर गेला. आपल्याकडे १९६७ मध्ये सुरू झालेल्या सुरतेजवळच्या भेस्तानच्या कारखान्यातून तो ‘मॅफ्रॉन’ या नावाने निघे. कारागिरांच्या भाषेत तो ‘बारा नंबर’. १९८७ साली बाबांनी भरून आणला होता तो हाच.

त्या बारा नंबराचे पुढे काय झाले, तेही सांगून टाकतो. १९७४ मध्ये मोलिना आणि रोलंड या दोघा शास्त्रज्ञांनी दाखवून दिले की, हा सज्जन वायू हवेत सुटला की वर वर जातो आणि तिथे उन्हात फुटून ओझोनचा थर खातो. १९८५ मध्ये दक्षिण ध्रुवावर त्या थराला पडलेले खिंडार जगजाहीर झाले. आणि १६ सप्टेंबर १९८७ रोजी कॅनडातल्या माँट्रियल शहरी देशोदेशींनी करार केला की, हा वायू हळूहळू बंद करायचा. म्हणजे, ज्या वर्षी आमच्या बाबांनी हौसेने तो गाडीत भरला, त्याच वर्षी जगाने त्याला निरोप द्यायचे ठरवले. भारत १९९२ मध्ये त्या करारात आला आणि २०१० पासून आपल्याकडेही हा वायू बंद झाला.

सांगायचे तात्पर्य, बारा नंबर मिळणार नव्हता, स्वयंपाकाचा भाऊ मला नको होता, आणि दिवाळी अठरा दिवसांवर आली होती.

* * *

आमच्या सोसायटीत एक निवृत्त गृहस्थ आहेत. त्यांचे आयुष्य कारखान्यांच्या देखभालीत गेले. त्यांनी माझा उतरलेला चेहरा पाहिला आणि म्हणाले, “कल्याणला जा. पत्रीपूल उतरलास की एक म्हातारा मिस्त्री आहे. बोर्ड नाही. रेफ्रिजरेटरची सांगाडी दिसली की थांब.”

म्हणजे आईला ज्या गावी न्यायचे, त्याच गावी गाडीला आधी न्यायचे होते. एका सकाळी एकटाच निघालो. कळव्याचा पूल ओलांडला, मुंब्र्याच्या बाजारातून वाट काढली. डावीकडे खाडी, उजवीकडे मुंब्रादेवीचा डोंगर. याच डोंगररांगेच्या पोटातून १९१६ साली पारसिकचा बोगदा काढला. आगगाडीतून जाताना आपण त्यात दोन मिनिटे अंधारात असतो. मोटारवाल्याला डोंगराला वळसा घालावा लागतो आणि सगळा उजेड, ऊन आणि धूळ भोगावी लागते. शीळफाट्याला वळलो की, लागतो कल्याण-शीळ रस्ता.

हा रस्ता मी लहानपणी पाहिला तेव्हा दोन्ही बाजूंना भातखाचरे असत आणि दिवाळीच्या सुमाराला कापणी चाललेली असे. आता खाचरांच्या जागी तीस-तीस मजली इमारती उगवल्या आहेत आणि रस्त्याच्या मधोमध मेट्रोचे खांब. काटई नाका ओलांडला आणि मानपाड्याच्या आधी बसच्या थांब्यावर नाव दिसले : प्रीमियर कॉलनी. कुर्ल्याप्रमाणे इथेही प्रीमियरचा कारखाना होता. १९९० नंतरच्या दशकात इथे काही वर्षे प्यूजो ३०९ ही फ्रेंच मोटार तयार होत असे. आता मोटारी नाहीत. नाव राहिले आहे. मी गाडी क्षणभर बाजूला घेतली. गाडीला तिचे चुलतघर दाखवावे, दुसरे काय! तेवढ्यात मागच्या रिक्षावाल्याने हॉर्न देऊन माझा भावनावेग आवरला.

पत्रीपूल आला. ब्रिटिश काळातला जुना पूल २०१८ मध्ये पाडला आणि नवा २०२१ च्या जानेवारीत खुला झाला. मधली वर्षे कल्याणकरांनी कशी काढली हे त्यांनाच विचारावे. पूल उतरलो, आणि खरोखरच रेफ्रिजरेटरची सांगाडी दिसली.

मिस्त्री सत्तरीच्या पुढचे. गाडी पाहताच हातातला चहा खाली ठेवून उठले. बॉनेट उघडले, कॉम्प्रेसरच्या तोंडाशी बोट फिरवून ते नाकाशी नेले, आणि विचारले, “किती वर्षं बंद?”

“सात.”

“गाडी?”

“गाडी नाही. गाडी दर रविवारी काढतो. गारवा बंद.”

“तिथंच चुकलं.” मग त्यांनी मला समजावून दिले. कॉम्प्रेसरचा दांडा ज्या भोकातून बाहेर येतो तिथे एक सील असते. ते तेलाने ओले राहिले तर घट्ट बसते. आणि तेल तिथवर पोचते ते गॅस फिरला तरच. “थंडी असो, पाऊस असो, पंधरा दिवसांतून दहा मिनिटं चालवायचा. नुसता ठेवला की सुकतो. सुकला की गळतो.”

“गॅस भरला की होईल ना?”

मिस्त्री हसले. “सगळे हेच विचारतात. अहो, गॅस म्हणजे पेट्रोल नव्हे जळून संपायला. तेवढाच गॅस फिरत राहतो. कमी झाला म्हणजे कुठून तरी गेला. रक्त वाहणाऱ्या माणसाला नुसती बाटली लावून काय उपयोग? आधी जखम शोधायची.”

त्यांनी नळ्यांत नायट्रोजन भरला आणि एका वाटीत साबणाचा फेस करून रंगाऱ्याच्या बारीक कुंचल्याने सांध्यासांध्याला लावीत गेले. तीन ठिकाणी बुडबुडे आले : कॉम्प्रेसरच्या सीलला, पुढच्या जाळीच्या सांध्याला आणि एका रबरी नळीच्या कुशीला. मला उगीचच लाजल्यासारखे झाले. आपण दर रविवारी गाडीला पाणी मारून पुसत होतो आणि आतून ती अशी चालली होती.

“नवा गॅस एकशे चौतीस नंबरचा,” मिस्त्री म्हणाले. “त्याचं जुन्या तेलाशी जमत नाही. जुनं तेल त्यात विरघळत नाही, मग ते जाळीतच पडून राहतं आणि कॉम्प्रेसर कोरडा पडून जाम होतो. तेव्हा तेल बदलायचं, ओलावा शोषणारी बाटली बदलायची, सांध्यांतल्या रबरी चकत्या बदलायच्या. हा गॅस जुन्या रबरातूनही झिरपतो, म्हणून नळ्यासुद्धा आतून नायलॉनचा थर असलेल्या. त्या डोंबिवलीला एमायडीसीत करून मिळतील. माप मी देतो.”

* * *

अशा रीतीने ठाणे आणि कल्याण झाले होते, तर डोंबिवली राहू नये म्हणून तीही झाली. घरडा सर्कलच्या पुढे कारखान्यांच्या गल्ल्यांत एका छपराखाली एक तरुण जोडपे नळ्यांना धातूची टोके दाबून बसवायचे काम करते. नवरा यंत्र चालवतो, बायको मापे लिहून घेते. मी फियाट म्हटल्यावर बाई हसून म्हणाल्या, “माझ्या सासऱ्यांच्या लग्नाची वरात फियाटमधून निघाली होती.” नळ्या दोन दिवसांत मिळाल्या. सील मात्र आठ दिवस आले नाही. तेवढ्यात माझ्या डोंबिवलीला तीन चकरा झाल्या. एकदा संध्याकाळी वेळ होता म्हणून फडके रोडवर गेलो. दिवाळीच्या पहाटे नटूनथटून गणपतीच्या देवळाकडे निघालेल्या तरुण मंडळींनी हा रस्ता फुलून जातो. त्या दिवशी तिथे कंदील टांगायचे काम चालले होते. ते पाहून मला आनंद व्हायचा तर पोटात गोळाच आला. कंदील लागले आणि गाडी अजून उघडी पडलेली!

घरी आई रोज विचारी, “झाली का रे?” मी म्हणे, “होतेय.” एक दिवस तिने विचारणे सोडले. कपाटातून काढून ठेवलेले नारायणपेठी लुगडे मात्र तिने परत आत ठेवले नाही.

धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी मिस्त्रींचा निरोप आला. मी धावलो. सील बसले होते, नळ्या बसल्या होत्या, पुढच्या जाळीसमोर विजेचा एक लहानसा पंखाही त्यांनी आपणहून लावला होता. नव्या गॅसचा दाब चढा असतो, म्हणून. आता ते एका पंपाने नळ्यांतली सगळी हवा ओढून काढीत होते.

“हे कशाला?”

“ओलावा काढायला. तुमच्या घरी प्रेशर कुकर आहे ना? दाब वाढला की पाणी उशिरा उकळतं. इथं उलटं. हवाच काढून घेतली की, पाणी आपल्या या कल्याणच्या उन्हातसुद्धा उकळतं आणि वाफ होऊन निघून जातं. थेंब जरी राहिला तरी आतल्या बारीक भोकाशी त्याचा बर्फ होतो आणि वाट बंद.”

पाऊण तास पंप चालला. मग तो बंद करून मिस्त्रींनी घड्याळाचा काटा पाहत अर्धा तास काही न करता बसायला सांगितले. काटा हलला तर जखम राहिली. मी परीक्षेच्या निकालालाही इतक्या एकाग्रतेने बसलो नसेन. काटा हलला नाही.

मग त्यांनी गॅसचा डबा चक्क किराणा दुकानातल्या काट्यावर ठेवला. बारा नंबर असता तर नऊशे ग्रॅम लागला असता. एकशे चौतीस त्याहून कमी, साडेसातशेच्या आसपास. “जास्त घातला की जास्त गार होतं, हा लोकांचा गैरसमज. जास्त घातला की दाब चढतो आणि गार कमीच होतं. मिठासारखं आहे.” डबा त्यांनी उभाच धरला, उलटा धरला असता तर पातळ गॅसच कॉम्प्रेसरच्या पोटात गेला असता, आणि पातळ पदार्थ दाबला जात नाही, दाबणाराच मोडतो. निळ्या घड्याळाचा काटा उतरू लागला, तांबड्याचा चढू लागला. आणि सात वर्षांनी इंजिन दचकले.

मिस्त्रींनी पेटीच्या जाळीत थर्मामीटर खोचला. बाहेर चौतीस, आत उतरत उतरत चौदावर येऊन थांबला.

“बारा नंबराइतका नाही व्हायचा,” ते म्हणाले. “पण आईसाहेबांना पुरेल.”

हिशेब झाला. सगळ्यांत स्वस्त काय असेल, तर ज्याच्यासाठी मी घरून निघालो होतो तो गॅस! निघताना त्यांनी बजावले, “हाही सुटू द्यायचा नाही. ओझोनला काही करत नाही, पण पृथ्वी तापवतो.” म्हातारा वर्तमानपत्र वाचीत असला पाहिजे. २०१६ च्या किगाली करारात हाही गॅस कमी करत न्यायचे ठरले आणि २०२१ मध्ये भारताने त्याला संमती दिली.

“आणि तो जुना? बाबांनी भरलेला?”

त्यांनी वर आभाळाकडे बोट केले. “तो तिथं. शंभर वर्षं राहतो म्हणतात.”

* * *

भाऊबीजेला सकाळी नऊला आई जिना उतरली. लुगडे तेच. हातात ओवाळणीचे ताट, आणि खांद्यावर शाल. सौ. म्हणाली, “अहो, एवढ्या उन्हात शाल?” आई म्हणाली, “ह्यांची पेटी तुला ठाऊक नाही.”

कळवा गेले, मुंब्रा गेले. आईने काळ्या पेटीच्या मधल्या जाळीवर हात ठेवला होता, तो काढला नाही. शीळफाट्यापर्यंत ती काही बोलली नाही. मग म्हणाली, “इंजिनाचा आवाज वेगळा लागतोय.” मी म्हटले, “पुढं एक पंखा लावलाय.” “ह्यांना चालला असता,” ती म्हणाली.

काटई नाक्याला गाड्यांची रांग लागली. दहा मिनिटे, वीस मिनिटे. मेट्रोच्या खांबांमध्ये आम्ही ठप्प. आणि माझे लक्ष तापमानाच्या काट्याकडे गेले. तो निघाला होता वर. गारवा आणि गर्दी ही दोन्ही ओझी या चिमुकल्या इंजिनाला एकदम पेलत नाहीत. चालत्या गाडीला वारा लागतो, उभ्या गाडीला कोण देणार? तीन आठवड्यांची खटपट, आणि आता भर उन्हात गारवा बंद करायचा? मी आईकडे पाहिले, काट्याकडे पाहिले आणि गप्प बसलो.

आईनेच हात पुढे केला, बटण फिरवून बंद केले आणि आपल्या बाजूची त्रिकोणी काच तिरपी उघडली. “ह्याच नाक्याला ह्यांनीही बंद केला होता एकदा,” ती म्हणाली. “गाडी जपायची असते. माणसाला काय, काच उघडता येते.”

पारनाक्यावरचा वाडा निम्मा रिकामा झालेला. सामान मामांच्या मुलाच्या नव्या घरी गेले होते. वीज तोडलेली. ओसरीवर पाट मांडून आईने मामांना ओवाळले. दोघांचेही हात थरथरत होते, त्यामुळे कुंकू कपाळाच्या मधोमध लागले नाही. कोणी काही बोलले नाही. मग दोघांनी मिळून वाडा पाहिला. कोठीची खोली, विहिरीचा रहाट, आजोबांची उंची मोजलेली खांबावरची रेघ. अर्ध्या तासात मामा घामाने निथळले आणि भिंतीला टेकून बसले. पंखा नाही, वाराही नाही.

आई म्हणाली, “दादा, चल, गाडीत बसू.”

मी गाडी सावलीला, वाड्याच्या दिंडीपाशी घेतली, बॉनेट थोडे वर ठेवले, आणि बटण फिरवले. बहीण-भाऊ मागच्या सीटवर बसले. काचा बंद होत्या. आत काय बोलणे चालले होते, ते मला ऐकू येत नव्हते. आईने शाल काढून मामांच्या गुडघ्यांवर घातलेली तेवढी दिसली.

मी बाहेर उभा राहून काट्यावर नजर ठेवली. पंधरा मिनिटे तो जागचा हलला नाही.

आता पंधरा दिवसांतून एकदा, ऊन असो, पाऊस असो, मी दहा मिनिटे गारपेटी चालवतो. मिस्त्रींची ताकीदच आहे. आई मागच्या सीटवर बसते. आम्ही तलावाला फेरी मारतो. कधी ती म्हणते, “आज जरा पुढं घे”, आणि आम्ही कळव्याच्या पुलापर्यंत जाऊन परत येतो.